खालच्या खिळ्यावरचं कॅलेंडर

फोन सकाळी सव्वासहाला आला तेव्हा मी अंगणात पाणी शिंपत होते. फोन रंजनाचा, माझ्या भावजयीचा. "आक्का वं, हे उठी नही ऱ्हायनात…" एवढंच ती बोलली. आणि मी काय करावं? मी तिच्यावर खेकसले. "तोंडवर पानी मार! डॉक्टरले बलाव! फोन काय करी ऱ्हायनी?" आयुष्यभर माझं असंच झालंय, आधी आवाज चढतो आणि अक्कल मागून चालत येते. तिच्या हातातून फोन माझ्या भाचीनं घेतला. नीता म्हणाली, "आत्या, डॉक्टर येऊन गेले. बाबा झोपेतच गेले." मग मी बादली खाली ठेवली, दाराला कुलूप लावलं, ते नीट लागलंय का हे दोनदा ओढून पाहिलं आणि रनाळ्याहून नंदुरबारला जाणाऱ्या पहिल्या रिक्षात बसले. पुढे पॅसेंजरमध्ये खिडकीच्या जागेवरून एका बाईशी भांडलेसुद्धा. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. खांडबारा आलं, खाली उतरले, नेहमीच्या बाकापाशी भिकन उभा नव्हता… आणि मी पुढे न जाता त्या बाकावरच बसले.

भिकन माझा धाकटा भाऊ, माझ्याहून सात वर्षांनी लहान. आम्हा दोघांच्या मधली दोन लेकरं मायच्या हातून गेली होती, म्हणून हा झाला तेव्हा तिनं पाच घरी पदर पसरून त्याच्यासाठी जुनं अंगडं मागून आणलं आणि त्याचं नाव भिकन ठेवलं. मागून आणलेलं लेकरू देव परत नेत नाही, असं आमच्याकडे मानतात. देवानं चौपन्न वर्षं वाट पाहिली आणि नेलंच. खांडबाऱ्याला स्टेशनवरून बाजाराकडे येणाऱ्या रस्त्यावर त्याचं औषधाचं दुकान होतं. एका माणसाचं, एका शटरचं. सपाटीवरचे शेतकरी, डोंगरातल्या पाड्यांवरची माणसं, बाजाराला आलेले गुजरातकडचे, सगळे त्याला भाऊ म्हणायचे. मला मात्र त्यानं कधी नुसतं 'आक्का' म्हणून हाक मारली नाही. 'आक्का' म्हणायचा आणि थांबायचा, मी कुठल्या मूडमध्ये आहे ते बघायचा, मग पुढचं बोलायचा.

या भावानं एक गोष्ट माझ्यापासून सव्वीस वर्षं लपवून ठेवली. ती मला तो गेल्यावर, त्याच्याच घरात सतरंजीवर बसलेली असताना कळली. आज त्याला जाऊन पाच आठवडे झाले. हे लिहावं की गिळून टाकावं, यातच ते पाच आठवडे गेले. लिहितेय, कारण गिळण्याचं काम त्यानं एकट्यानं पुष्कळ केलं.

आमची शेवटची भेट मंगळवारची, तो जाण्याच्या तीन दिवस आधीची. माझी दाढ ठणकत होती. नंदुरबारला दाताच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिकच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. त्या मी तिथेच घ्यायला हव्या होत्या, पण भाऊ औषधवाला असताना दुसऱ्याकडून गोळी घेणं म्हणजे घरची म्हैस सोडून पिशवीचं दूध आणणं, म्हणून मी चिठ्ठी घेऊन सरळ गाडीत बसले. भिकननं चिठ्ठी पाहिली, आणि झाली सुरुवात! "आक्का… गुडघासना गोया चालू शेतस का, कॅल्शियमन्या?" चालू होत्या. "कवय खास?" दोन्ही वेळा, जेवणानंतर. "दूध?" सकाळी. तो मान डोलवत राहिला. मग त्यानं कागदाच्या दोन पुड्या केल्या, एकीला लाल दोरा बांधला, एकीला पांढरा. लाल दाढेची, पांढरी गुडघ्यांची. लाल आधी घ्यायची, भरपूर पाण्यासोबत, आणि मग दोन तास दुधाचं, ताकाचं, कॅल्शियमचं नाव काढायचं नाही. "आणि आधी कॅल्शियम खाई टाकं तं?" मी मुद्दाम विचारलं. "तं मंग लाल पुडीले चार-सहा घंटा हात लावू नको." मी म्हटलं, "तू औषध देस का मुहूर्त काढस?" तो हसला. गाडीची वेळ झाली तेव्हा स्टेशनापर्यंत सोडायला आला. बाकावर बसल्यावर पुन्हा म्हणाला, "लाल पयले." हे त्याचे मला म्हटलेले शेवटचे शब्द. लाल पहिले! लोकांची माणसं जाताना काय काय बोलून जातात.

दुकानातल्या कॅलेंडरची गोष्ट सांगायची राहिली. मी दुकानात गेले की आधी कॅलेंडर पाहायची. संकष्टी कधी, एकादशी कधी, अमावास्या कुठल्या वारी. माझी उंची बेताची, म्हणजे अगदीच बेताची. शाळेत फळ्याच्या वरच्या अर्ध्या भागावर मी नोकरीभर काही लिहिलं नाही. भिकनच्या दुकानात काउंटरच्या मागच्या भिंतीवर दोन खिळे होते, एक वर आणि एक बराच खाली. मी यायची असले की कॅलेंडर खालच्या खिळ्यावर असायचं. एकदा मी न कळवता गेले, तर मला रस्त्यावरून येताना पाहून तो घाईघाईनं वळला आणि कॅलेंडर काढून खाली लावलं. "आक्काले तिथी दिसाले जोयजे," तो म्हणाला. मी ही गोष्ट आमच्या स्टाफरूममध्ये किती जणींना सांगितली असेल! म्हणायची, बघा, भाऊ असावा तर असा, बहिणीच्या उंचीचं कॅलेंडर लावतो.

कॅलेंडरच्या मागे एक पाटी होती; वरचा खिळा तिच्या बराच वर, खालचा तिच्या मधोमध. पांढऱ्या रंगाच्या फळीवर त्यानं स्वतःच्या हातानं निळ्या रंगात लिहिलेली. 'गोळी घेण्याआधी सांगा. दूध, दही, ताक घेता का? रक्तवाढीची गोळी चालू आहे का? कॅल्शियमची गोळी किंवा ॲसिडिटीचं औषध घेता का?' एवढंच. फळी चांगली मोठी, आणि मजकूर वरच्या भागातच संपलेला. मी शिक्षिका, मला रिकामी जागा बघवत नाही. "खाली एखादा सुविचार लिही," मी म्हणायची. "तठे कॅलेंडर ऱ्हास ना," तो म्हणायचा.

पाटीवरचे सवाल तो नुसते लावून मोकळा होत नसे, प्रत्येकाला तोंडी विचारत असे. बाजाराच्या दिवशी दुकानासमोर ही गर्दी, आणि हा एकेकाची चौकशी करतोय. सगळ्याच औषधांचं असं नसतं म्हणे, काही ठराविक अँटिबायोटिकचं असतं. पण ज्यांचं असतं त्यांच्या बाबतीत तो कुणाला सोडत नसे. बाळंतीण मुलीसाठी गोळ्या न्यायला आलेल्या बापाला विचारायचा, घरी रक्तवाढीच्या गोळ्या दिल्यात का, कधी खाते. उन्हातून आलेल्या म्हाताऱ्यानं काउंटरवरच पाकीट फोडून ताकाच्या बाटलीसोबत गोळी गिळायचा बेत केला तर हा हात धरायचा. लोक वैतागायचे. एक जण चिडून म्हणाला, "भाऊ, मी दवाई लेवाले उनू, सोयरीक जमाडाले नही." मीसुद्धा चिडवायची. तेव्हा तो लोकांना समजावून सांगायचा ते माझ्या कानात अजून आहे. म्हणायचा, औषधाला पोटातून रक्तात जाणारी बस पकडायची असते. कॅल्शियम, लोह, ॲसिडिटीच्या औषधातलं मॅग्नेशियम, या असतात त्याच्या जुन्या मैत्रिणी. स्टँडवर भेटल्या की गळ्यात पडतात, हात सोडत नाहीत, गप्पा काही संपत नाहीत… आणि बस निघून जाते. गोळी तुम्ही खाल्ली, पैसे दिले, आणि ती अंगाला न लागता तशीच बाहेर गेली. ताप मात्र घरीच बसून. बायांना हे लगेच पटायचं. "आम्हीच त्या," म्हणून हसायच्या.

एकदा मी त्याला विचारलं होतं. गर्दी ओसरली होती, रंजनानं आतून चहा आणून दिला होता. म्हटलं, "भिकन, इतली मगजमारी कसाले करस रे? दुसरा दुकानवाला करतस का?" तो बशीतला चहा फुंकत बसला. मग म्हणाला, "येक डाव इचारं नही, आक्का. मंग आते जलमभर इचारी ऱ्हायनू." मला वाटलं असेल एखादं गिऱ्हाईक. मी पुढे विचारलं नाही. विचारायला हवं होतं, पण मला विचारण्याची सवय नाही, सांगण्याची आहे.

आता मायबद्दल सांगते. लग्न होऊन दोन वर्षांत मी रनाळ्याला परत आले. का आले ते सांगण्यात अर्थ नाही, ज्याच्यामुळे आले तो माणूस शाईच्या एका थेंबाच्या लायकीचा नाही. गावानं तोंडं वाकडी केली. मायनं केलं नाही. ती म्हणाली, "भाकर टाकेल शे, हात धोय." बस्स, एवढंच. त्यानंतर मी बी.एड. केलं, गावच्याच हायस्कुलात मराठी शिकवायला लागले, आणि पुढची अकरा वर्षं त्या घरात आम्ही दोघी होतो. भिकन शिकला, खांडबाऱ्याला दुकान काढलं, पण दर रविवारी घरी यायचा. मायला तिखटाचं वेड. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि वर हिरव्या मिरचीचा ठेचा, तोही असा की शेजारच्या घरात शिंका याव्यात. त्यामुळे तिच्या पोटात कायमची आग. त्यावर तिचा एकच इलाज, चुन्याची निवळी. खायचा चुना पाण्यात कालवायचा, चुना तळाशी बसू द्यायचा, आणि वरचं नितळ पाणी घोटभर प्यायचं. तिच्या आईकडून आलेला इलाज. ती निवळी मी करायची. मायची तक्रार एकच होती, "सुमन, तू चुनाले बठू देस नही." खरं होतं ते. शाळेची घाई, मी चुना पुरता खाली बसायच्या आत ओतायची. माझी निवळी कधी नितळ नसायची, पांढुरकीच असायची.

मायला ताप आला तो श्रावणात. लघवीच्या मार्गातला संसर्ग, वर मूत्रपिंडापर्यंत गेलेला. नंदुरबारच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, दहा दिवसांच्या. भिकननं चिठ्ठी पाहिली आणि म्हणाला, औषध एकदम चांगलं आहे. मायला विचारलं, दूध पिते का? ती दूध पीतच नसे. ॲसिडिटीची गोळी? छे. तो निश्चिंत मनानं दुकानावर परत गेला. गोळ्या जबर होत्या, मायच्या पोटात भडका उडायचा. म्हणायची, गोळी गरम पडते. म्हणून मी प्रत्येक गोळीआधी तिला वाटीभर निवळी पाजायची आणि वर गोळी द्यायची. न चुकता, दोन्ही वेळा. शाळेतून मधल्या सुट्टीत घरी धावत यायची त्यासाठी. ताप उतरेना. चौथ्या दिवशी भिकनला फोन केला, तो म्हणाला, "औषध बराबर शे, आक्का, आखो दोन दिन देख." सहाव्या दिवशी माय बरळायला लागली. तिला नंदुरबारला दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं, इंजेक्शनं सुरू झाली, पण तोवर विष अंगभर पसरलं होतं. आठव्या दिवशी ती गेली. मी सगळ्यांना सांगायची, मी सेवेत काही कमी ठेवलं नाही. सव्वीस वर्षं हेच माझं समाधान होतं.

भिकन गेल्यानंतरच्या आठव्या दिवसाची दुपार. लोक दारावर बसायला येत होते. नवापूरकडच्या एका पाड्यावरून मार्थाबाई नावाची एक बाई आली, पायी आणि पुढे जीपनं. पदराखाली घरच्या तुरीच्या डाळीची पिशवी. पिशवी रंजनाच्या पुढ्यात ठेवली आणि माझ्या शेजारी येऊन बसली. मी कोण हे तिला ठाऊक नव्हतं. घरी ती पाड्यावरची आदिवासी कोकणी बोलत असणार, आमच्याशी बाजारच्या मराठीत बोलली. "भाऊनं माझी पोरगी वाचवली, बाई. दवा चालू होती, ताप हटत नव्हता. मी भाऊकडे रडत आली. त्यानं पहिला सवाल काय केला? पोरीला चुन्याची निवळी देते का? मी बोलली, देते ना, पोटात आग पडते तिच्या. तर भाऊ खालीच बसला, खुर्चीवर. मग बोलला, घाबरू नको, निवळी बंद कर, दवा चालू ठेव आणि आजच डॉक्टरला परत दाखव. पोरगी उठली बाई. त्याच्या आईचं तसंच झालं होतं म्हणे. दवा बरोबर होती, पण घरात कोणी निवळी पाजायचं. दवा लागूच पडली नाही." मी विचारलं, "कोण पाजायचं?" मार्थाबाई म्हणाली, "ते नाही सांगितलं. मी पण विचारलं होतं. तर बोलला, होतं एक, आपलंच माणूस."

मी उठून मागच्या अंगणात गेले. चुना म्हणजे कॅल्शियम. इतकं साधं! मी त्याच्या दुकानात बसून हजार वेळा ऐकलं, कॅल्शियम, कॅल्शियम, आणि माझ्या हातानं कालवलेला चुना मला आठवला नाही. मराठीच्या बाईला कोण सांगणार? असं म्हणून सुटता येतं का? आणि मग एक जुनी गोष्ट डोळ्यांसमोर आली, तिचा अर्थ मी आजवर वेगळाच लावला होता. मायच्या दिवसकार्याच्या, गंधमुक्तीच्या, दुसऱ्या दिवशी भिकन स्वयंपाकघरात फडताळ आवरत होता. त्याला एक काचेची बाटली सापडली, तळाला दोन बोटं पांढरा गाळ. "हाई काय शे?" त्यानं विचारलं. मी भांडी घासत होते, मागे वळूनही पाहिलं नाही. "मायनी निवळी. गोयी गरम पडे ना, म्हनीसन पयले निवळी पाजू." त्यानं बाटली हलवून पाहिली. मग म्हणाला, "कितला दिन?" मी म्हटलं, "पयला दिनपाईन." मी वळून पाहिलं, तर तो बाटली छातीशी धरून उभा होता. "काय व्हयनं रे?" "काही नही, आक्का… मायनी याद उनी." तो बाहेर गेला, नळावर बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. मला वाटलं, आईवेगळं लेकरू, रडतंय बिचारं. मी त्याच्यासाठी चहा टाकला.

त्या संध्याकाळी मी रंजनाला धरलं. "तुले माहीत व्हतं?" नवरा जाऊन आठ दिवस झालेल्या बाईला असं विचारू नये, पण मी विचारलं. ती म्हणाली, लग्न झालं त्याच वर्षी त्यांनी सांगितलं होतं, आणि शपथ घातली होती. "म्हने, आक्काले हाई समजू देऊ नको. तिले माय शिवाय कोन व्हतं? तिनी माया करीसन पाजं. इचारानं मन्हं काम व्हतं." रंजना रडायला लागली. मला रडूही येईना. मला त्याचा राग आला, सांगते खरं. एवढा राग की तो समोर असता तर मी त्याच्या थोबाडीत मारली असती. अरे, मी इतकी कच्ची होते का? मला सांगितलं असतंस, मी ओरडले असते, डोकं आपटून घेतलं असतं, पण आपण दोघं मिळून रडलो असतो ना! तू एकटा का रडलास नळावर? सव्वीस वर्षं मी तुझ्यासमोर बसून, गावाला ऐकू जाईल अशा आवाजात 'मी मायच्या सेवेत काही कमी ठेवलं नाही' म्हणायची आणि तू मान डोलवायचास…

नीता माझी भाची, बापासारखीच औषधशास्त्र शिकलेली. ती म्हणाली, "आत्या, निवळीनं औषधाचा जोर कमी झाला असणार, हे खरं. पण फक्त तेवढ्यानंच आजी गेली, असं कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. संसर्ग मोठा होता, वय होतं." पोरगी खरं बोलते. मी तिचं वाक्य रोज मनात घोळवते. काही दिवशी त्यानं बरं वाटतं.

चौदाव्या दिवशी नीतानं दुकान उघडलं. मी सोबत गेले. आत औषधांचा तोच वास, काउंटरवर त्याचा चष्मा, दोऱ्याची लाल आणि पांढरी रिळं. कॅलेंडर खालच्या खिळ्यावर होतं, मी आले होते त्या मंगळवारपासून तसंच. मी सवयीनं तिथी बघायला पुढे झाले, तर नीता मधेच म्हणाली, "आत्या, तुम्ही बाहेर बसा ना, मी झाडून घेते." तिचा आवाज ऐकूनच मला कळलं, कॅलेंडरमागे काहीतरी आहे. मी हात घालून कॅलेंडर उचललं. मागे पाटीवर आणखी एक ओळ होती, त्याच निळ्या रंगात, बाकीच्या ओळींपेक्षा मोठ्या अक्षरात. 'चुन्याची निवळी घेता का?'

नीता हळूच म्हणाली, "तुमची गाडी यायची वेळ झाली की बाबा कॅलेंडर खाली लावायचे, आणि तुम्हाला स्टेशनवर सोडून आले की परत वर. त्या मंगळवारी तेवढं राहून गेलं. मी लहानपणी विचारलं होतं. म्हणाले, आत्याची उंची कमी, तिला वरचं दिसत नाही." तेव्हा मी रडले. दोन आठवड्यांचं, सव्वीस वर्षांचं, सगळं एकदम. काउंटरच्या मागे खाली फरशीवर बसून रडले, नीतानं शटर अर्धं ओढून घेतलं. हा शेवटचा सवाल तो माझ्यासमोर कधी कुणाला विचारत नसे. मी बसलेली असले की गिऱ्हाइकाला जरा बाजूला बोलवायचा, आणि मला वाटायचं, बायकांच्या खाजगी दुखण्याचं काही असेल.

डोळे पुसले, स्टूल घेतलं आणि त्यावर चढून कॅलेंडर वरच्या खिळ्यावर लावलं. नीता "पडाल, पडाल" म्हणत होती. शटर वर केलं. थोड्या वेळानं एक म्हातारी आली, खालच्या गावाकडची, नवऱ्यासाठी चिठ्ठी घेऊन. नीतानं गोळ्या काढल्या, दूध विचारलं, रक्तवाढीची गोळी विचारली, ॲसिडिटीचं विचारलं, आणि माझ्याकडे पाहून थांबली. बापावर गेली आहे, माझ्यासमोर तिच्या तोंडून ते निघेना. मग मीच विचारलं. "माय, चुनानी निवळी देस का त्यासले?" म्हातारी म्हणाली, "हाऊ. मीच करीसन पाजस ना रोज. का वं? मन्हं काही चुकनं का?" तिचा चेहरा एकदम उतरला होता. चिठ्ठी धरलेला हात तसाच काउंटरवर राहिला. मी तो हात माझ्या हातात घेतला. म्हटलं, "नही वं माय. तू माया करीसन पाजं. इचारानं आमनं काम शे."

आता मी दर बाजाराच्या दिवशी खांडबाऱ्याला जाते आणि दुकानात त्याच्या स्टुलावर बसते. पाटीवरच्या सगळ्या ओळी उघड्या आहेत, शेवटचा सवाल मीच विचारते. कॅलेंडर वरच्या खिळ्यावरच असतं. तिथी मला खालून दिसत नाही, नीताला विचारावी लागते.